विश्लेषण : टॅक्सीच्या नाड्या कोणाच्या हाती?

२९ ऑक्टोबर २०२३ हा मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस ठरला. ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २००३ मध्ये नोंदवलेल्या अखेरच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत संपली आणि गिरगाव, परळ, लालबागच्या नाक्यांवरचे एक ओळखीचे चित्र पुसले गेले. त्यावर हळहळ व्यक्त झाली, छायाचित्रे छापली गेली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जून २०२५ मध्ये, ‘ओला’ने देशभरातील चालकांकडून कमिशन घेणे थांबवत असल्याचे जाहीर केले. या घटनेची चर्चा उद्योगविषयक पानांपुरतीच राहिली. वास्तविक दुसरी घटना अधिक बोलकी आहे. ज्या कंपनीने काळ्या-पिवळ्या टॅक्सीला नमवले, तीच दशकभरात चालकांपुढे नमली. असे का झाले आणि यातून दादरच्या प्रवाशाला, परळच्या टॅक्सीचालकाला काय मिळाले, हे समजून घेणे आवश्यक आहे.

वरचष्मा ठरतो कशावर?

प्रवासी आणि टॅक्सीचालक यांची गाठ घालून देणारी कोणतीही व्यवस्था म्हणजे एक प्लॅटफॉर्म. नाक्यावरचा टॅक्सी स्टँड हाही प्लॅटफॉर्मच, आणि मोबाइलमधले अॅपही. अशा व्यवस्थेत वरचष्मा कोणाचा राहील, याचा नियम साधा आहे. ज्या गोष्टीची टंचाई असते, ती ज्याच्या ताब्यात, त्याचे चालते. टंचाई कधी परवान्याची असते, कधी भांडवलाची, कधी ग्राहकाच्या लक्षाची, तर कधी गाडी चालवणाऱ्या माणसाची. तंत्रज्ञान बदलले की टंचाईची जागा बदलते आणि तिच्याबरोबर वरचष्माही हलतो. मुंबईच्या टॅक्सीचा इतिहास हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातही हा बदल बेट शहरात, म्हणजे शीव आणि माहीमच्या दक्षिणेला, अधिक ठळक दिसतो, कारण येथे रिक्षाला परवानगीच नाही. बस सुटली आणि चालणे शक्य नसले, तर टॅक्सीवाचून पर्याय नसतो.

ट्राम गेली तेव्हा काय घडले?

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये. ट्रामचा धंदा अभेद्य वाटावा असा होता. रूळ एकाच कंपनीचे. दुसऱ्याला तेथे गाडी चालवता येत नसे. मोटारबस आली आणि रुळांची मक्तेदारी निरुपयोगी ठरली, कारण बसला लागणारा रस्ता सर्वांचाच होता. मात्र ट्राम कंपनीने येथे शहाणपण दाखवले. १५ जुलै १९२६ रोजी शहरात पहिली बस धावली ती याच कंपनीची, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. पुढे १९४७ मध्ये हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धावली तेव्हा ट्राम गेली, पण ‘बेस्ट’ राहिली. ‘दादर टीटी’ या नावातला ट्राम टर्मिनस आजही लोकांच्या तोंडी आहे.

यातला धडा महत्त्वाचा आहे. जुने आणि नवे तंत्रज्ञान एकाच संस्थेच्या हाती असेल, तर संक्रमणाचा फटका कमी बसतो. टॅक्सीच्या बाबतीत तसे झाले नाही. तेथे जुने तंत्रज्ञान हजारो सुट्या चालक-मालकांकडे होते आणि नवे बाहेरून आले.

काळ्या-पिवळीची ताकद कशात होती?

परवान्यात. टॅक्सी परवान्यांची संख्या सरकार ठरवत असे, त्यामुळे परवाना ही मालमत्ता झाली. एकाच्या नावावर परवाना, दुसऱ्याच्या हाती गाडी आणि रात्रपाळीला तिसराच चालक, अशी साखळी त्यातून तयार झाली. परवान्याबरोबर दुसरी टंचाई होती कर्जाची. टॅक्सीचालकाला बँका दारात उभे करत नसत. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली, ती टॅक्सीचालक आणि कामगारांची हीच नड ओळखून. परवाना, कर्ज आणि संघटना या तीन खांबांवर काळी-पिवळी उभी राहिली. गेल्या शतकाच्या अखेरीस अशा टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या पुढे होती. पद्मिनी निवृत्त झाली तेव्हा ती सुमारे ४० हजारांवर आलेली होती.

या ताकदीचा गैरवापरही झाला, हे मान्य केले पाहिजे. जवळचे भाडे नाकारणे, पावसात मीटरऐवजी तोंडी भाव सांगणे, मीटरमध्ये फेरफार करणे यांचा अनुभव नसलेला मुंबईकर विरळा. परवान्यांची संख्या मर्यादित असल्याने प्रवाशाला दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. त्यामुळे पुढे स्पर्धा आली तेव्हा संघटनांच्या निषेधाला प्रवाशांची सहानुभूती मिळाली नाही. वरचष्मा असताना ग्राहकाशी कसे वागले, याचा हिशेब तो गेल्यावर चुकता होतो.

अॅपच्या आधी कोणी धक्का दिला?

२००७ मध्ये आलेल्या ‘मेरू’ने. ४४२२ ४४२२ हा क्रमांक फिरवला की वातानुकूलित गाडी दारात येऊ लागली. जीपीएसमुळे गाडी कोठे आहे हे कंपनीला कळे आणि नियंत्रण कक्षातून जवळची गाडी पाठवली जाई. नाक्यावर उभे राहून हात करण्याची गरज संपली. म्हणजेच टॅक्सी स्टँड नावाच्या प्लॅटफॉर्मची जागा कॉल सेंटरने घेतली. पण मेरूचे भांडवल गाड्यांमध्ये अडकलेले होते. नवी गाडी घ्यायची तर पैसा हवा, देखभाल हवी, गाडी ठेवायला जागा हवी. धंदा वाढवण्याचा वेग गाड्यांच्या खरेदीएवढाच.

स्मार्टफोनने ही अट काढून टाकली. मेरूचे नियंत्रण कक्ष जे काम करत होते, ते चालकाच्या आणि प्रवाशाच्या खिशातले दोन फोन परस्पर करू लागले. ओलाची सुरुवात मुंबईतच, पवईतून झाली आणि नंतर ती बेंगळूरुला गेली. ‘उबर’ मुंबईत आली २०१४ मध्ये. गाडी चालकाची, कर्ज चालकाच्या नावावर, इंधन चालकाचे. कंपनीकडे फक्त सॉफ्टवेअर आणि गुंतवणूकदारांचा पैसा. मेरूची अखेर महिंद्राने खरेदी केली.

ओला-उबरचा दबदबा कसा निर्माण झाला?

पैशाच्या जोरावर. सुरुवातीच्या वर्षांत प्रवाशाला सवलत आणि चालकाला प्रोत्साहन भत्ता असे दोन्ही बाजूंनी पैसे ओतले गेले. यामागचे गणित असे की, चालक जास्त असतील तर गाडी लवकर मिळते, गाडी लवकर मिळाली की प्रवासी वाढतात, आणि प्रवासी वाढले की आणखी चालक येतात. हे चक्र एकदा फिरू लागले की स्पर्धकाला आत येता येत नाही, अशी अपेक्षा होती. मार्च २०१५ मध्ये ओलाने ‘टॅक्सी फॉर शुअर’ ही स्पर्धक कंपनी विकत घेतली. जपानच्या ‘सॉफ्टबँक’चा पैसा आधी ओलात होता, २०१८च्या सुरुवातीला तो उबरमध्येही गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये उबरने आग्नेय आशियातला व्यवसाय ‘ग्रॅब’ला विकला, तेव्हा भारतातही दोन्ही कंपन्या एक होतील, अशी अटकळ बांधली जात होती.

प्रतिस्पर्धी कमी झाले तशी चालकांची प्राप्ती आटली. भत्ते कमी झाले, कमिशन राहिले, गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतील ओला-उबर चालकांनी दीर्घ संप केला. मार्चमध्येही एकदा गाड्या बंद राहिल्या होत्या. या संपाचे वैशिष्ट्य असे की, संप कोणाविरुद्ध करायचा हाच प्रश्न होता. गिरणीच्या दारावर मोर्चा नेता येतो. अॅपला दार नसते. भाडे ठरवणारे सूत्र कोणत्या पर्यायांवर चालते, हे चालकाला माहीत नव्हते आणि आजही नाही.

मग हा दबदबा टिकला का नाही?

याचे उत्तर चालकाच्या डॅशबोर्डवर आहे. तेथे एकाच वेळी दोन-तीन अॅप सुरू असतात. व्हॉट्सअॅप सोडणे कठीण जाते, कारण सगळे नातेवाईक तेथेच असतात. टॅक्सीचे तसे नाही. लालबागहून गिरगावला जाणाऱ्याला आपल्या जवळ एक रिकामी गाडी असण्याशी मतलब. पुण्यात त्या कंपनीच्या किती गाड्या आहेत, याने काही फरक पडत नाही. म्हणजे आकाराचा फायदा शहरापुरता, खरे तर वॉर्डापुरताच असतो. शिवाय प्रवासी आणि चालक दोघेही एका बोटाने दुसरीकडे जाऊ शकतात. हजारो कोटी खर्चून विकत घेतलेली निष्ठा सवलत संपताच संपली.

सवलती आटल्या आणि टंचाई ग्राहकांची न राहता चालकांची झाली. नव्या स्पर्धकांनी नेमके हेच हेरले. बेंगळूरुत २०२२च्या अखेरीस आलेल्या ‘नम्मा यात्री’ने कमिशन न घेता किरकोळ ठरावीक शुल्काची पद्धत रूढ केली. बाइक टॅक्सीपासून सुरुवात केलेल्या ‘रॅपिडो’ने कॅबसाठीही तोच मार्ग धरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने रिक्षांसाठी शून्य कमिशन स्वीकारले आणि जूनमध्ये ओलाने सर्वच वाहनांसाठी. भारतातील सर्वात मोठा स्पर्धक आता ओला नसून रॅपिडो आहे, असे उबरचे मुख्याधिकारी दारा खोसरोशाही यांनी २०२५ मध्ये सांगितले. २०१५ मध्ये या विधानावर कोणी विश्वास ठेवला नसता.

प्लॅटफॉर्मच्या खालचा प्लॅटफॉर्म कोणता?

टॅक्सी अॅप चालकाकडून पैसे घेते, पण अॅपलाही कोणाला तरी पैसे द्यावे लागतात. उबरने २०१९ मध्ये शेअर विक्रीआधी दिलेल्या माहितीनुसार, २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत नकाशांसाठी गुगलला सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर दिले होते. जुलै २०२४ मध्ये ओलाने गुगल मॅप्स सोडून स्वतःचे नकाशे वापरण्यास सुरुवात केली आणि त्यातून वर्षाला १०० कोटी रुपये वाचतील, असा दावा केला. त्याच महिन्यात गुगलने भारतातील नकाशा सेवेचे दर ७० टक्क्यांपर्यंत कमी करण्याची घोषणा केली. पर्याय निर्माण होण्याची शक्यता दिसताच भाव उतरतात, हे यातून दिसते.

त्याखाली आणखी एक थर आहे. बहुतांश फोन अँड्रॉइडवर चालतात. वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याच थराशी संबंधित. त्यामुळे टॅक्सीतील चढाओढ पाहताना फक्त ओला, उबर, रॅपिडो यांच्याकडे पाहून भागत नाही. ज्याच्यावाचून या तिघांचेही चालत नाही, तो सर्वात निवांत असतो.

शून्य कमिशनने चालक जिंकला का?

अर्धाच. समजा, एखाद्या अॅपचे दिवसाचे शुल्क १०० रुपये आहे आणि पूर्वीचे कमिशन २० टक्के होते. दिवसाला २,००० रुपयांचा धंदा करणाऱ्या चालकाचे पूर्वी ४०० रुपये जात, आता १०० जातात. फायदा उघड आहे. पण ५०० रुपयांच्या आत धंदा झाला, तर नवी पद्धतच महाग पडते. पावसाने शहर ठप्प झाले, गाडी दुरुस्तीला गेली, घरात आजारपण आले, तर कमिशन पद्धतीत कंपनीचेही नुकसान होत असे. आठवड्याचा किंवा महिन्याचा पास आधीच घेतलेला असेल, तर हा तोटा एकट्या चालकाचा.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. भाड्यातला वाटा सोडला की कंपनी स्वतःला केवळ गाठ घालून देणारी म्हणवून घेऊ शकते. मग भाड्यावरून वाद झाला, चालकाने फेरी रद्द केली किंवा रोखीचा आग्रह धरला, तर तक्रार कोणाकडे करायची? कमिशनबरोबर उत्तरदायित्वही शून्य होणार असेल, तर प्रवासी पुन्हा १९९०च्या दशकातल्या नाक्यावर येऊन उभा राहील, फक्त हातात फोन घेऊन.

सरकारची भूमिका काय?

केंद्राच्या नोव्हेंबर २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला देण्याची आणि मागणीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारणी न करण्याची अट घातली. जुलै २०२५च्या सुधारित सूचनांमध्ये ही मर्यादा दुपटीपर्यंत नेण्यात आली. राज्यात मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये अॅप कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्यास सांगितले. जुलै २०२५ मध्ये भाडेदराच्या मागणीसाठी चालक आझाद मैदानात जमले. सप्टेंबरमध्ये परिवहन विभागाने अॅप टॅक्सींसाठी प्रति किलोमीटर २२.७२ रुपये दर निश्चित केला. बाइक टॅक्सीला २०२३ मध्ये नाकारणाऱ्या राज्याने एप्रिल २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सी धोरणाला मंजुरी दिली. म्हणजेच परवान्याची जुनी शक्ती संपलेली नाही. तिचा वापर उशिरा आणि तुकड्यातुकड्याने होतो, एवढेच.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांनी सहकारी टॅक्सी सेवेची घोषणा केली. चालकच मालक, ही कल्पना साखर आणि दुधाचा सहकार पाहिलेल्या महाराष्ट्राला परकी नाही. मात्र सहकार हे नाव पुरेसे नसते, याचे उदाहरणही याच शहरात आणि याच व्यवसायाच्या इतिहासात आहे. टॅक्सीचालकांसाठी सुरू झालेली ती १९६८ची बँक पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, १२२ कोटी रुपयांच्या कथित अपहाराचा गुन्हा दाखल झाला आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. मालकी सभासदांची असली तरी देखरेख ढिली पडली, की तिच्या किल्ल्या भलत्याच हाती जातात.

या खेळात कोण मागे राहते?

ज्याच्याकडे अदलाबदलीची सोय नाही तो. परळच्या टाटा आणि केईएम रुग्णालयांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. त्यांच्यातील अनेकांच्या फोनमध्ये टॅक्सीचे अॅप नसते, नकाशावर नेमका पत्ता टाकता येत नाही. त्यांना मीटरने नेणारी काळी-पिवळीच हवी असते आणि तीच कमी होत चालली आहे. दुसऱ्या टोकाला आहे पन्नाशीचा काळी-पिवळीचालक. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये झाले, पण लांबची फायद्याची भाडी अॅपकडे गेली आणि जवळची त्याच्याकडे उरली.

पुढचा बदलही दाराशी आला आहे. भुयारी मेट्रो-३चा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि गिरगाव, काळबादेवी, दादर थेट जोडले गेले. लांब अंतराचा प्रवासी मेट्रोकडे वळला, तर टॅक्सीची गरज स्थानकापासून घरापर्यंतच्या छोट्या फेरीसाठी राहील. चर्चगेट ते नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी हे काम कोणत्याही अॅपविना वर्षानुवर्षे करत आली आहे. त्या मॉडेलला मेट्रो स्थानकांबाहेर अधिकृत जागा आणि ठरलेले दर मिळाले, तर काळ्या-पिवळीचे पारडे पुन्हा काहीसे जड होऊ शकते.

उपाय कोणता?

आज कोणती कंपनी पुढे आहे, यावर धोरण बेतणे व्यर्थ आहे. पाच वर्षांनी ती पुढे नसेल. धोरणाने एकाच गोष्टीची हमी द्यावी : सोडून जाण्याची सोय. चालकाने हजारो फेऱ्यांतून कमावलेले मानांकन आज त्या त्या अॅपच्या मालकीचे असते. अॅप बदलले की तो पुन्हा नवखा. हे मानांकन बॅजशी जोडून चालकाच्या मालकीचे केले, तर त्याचे सौदा करण्याचे बळ कायम राहील. युपीआयमध्ये खाते एका बँकेत ठेवून कोणतेही अॅप वापरता येते, तोच हा विचार. अर्थात, तेथेही बहुतांश व्यवहार दोनच अॅपवर एकवटले आहेत. त्यामुळे सोय दिली की समतोल आपोआप येतो, असे नाही. पण सोय असेल तर मक्तेदाराला जपून वागावे लागते. भाड्याचे सूत्र परिवहन विभागाला तपासण्यासाठी खुले असणे आणि कमिशन घेतले नाही तरी तक्रारीची जबाबदारी अॅपवरच ठेवणे, या दोन अटी त्याला जोडाव्या लागतील.

परवाना, कॉल सेंटर, भांडवल, चालक असा वरचष्म्याचा प्रवास झाला. तो येथे थांबणार नाही. कर्जाचा हप्ता मात्र प्रत्येक टप्प्यावर एकाच माणसाने भरला आहे. पुढच्या खेपेला नाड्या कोणाच्याही हाती गेल्या, तरी त्या माणसाला आणि रुग्णालयाच्या दारात गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला दुसरा पर्याय शिल्लक आहे ना, एवढेच सरकारने पाहिले तरी पुष्कळ झाले.